हीथ्रोच्या पोटात गेलेला विमानतळ

१९४४ साली लंडनच्या पश्चिमेला, मिडलसेक्स परगण्यातल्या हीथ्रो नावाच्या शेतकरी वस्तीत सरकारी नोटिसा आल्या. हवाई दलाला तळ उभारायचा आहे, घरं आणि शेतं सोडा. दुसरं महायुद्ध ऐन भरात होतं. युद्धाच्या नावाने आलेल्या नोटिशीपुढे वाद घालायला जागा नव्हती, आणि ज्या कायद्याखाली ती आली होती त्यात जाहीर सुनावणीची सोयही नव्हती. शेतघरं पडली, कोठारं पडली, फळबागा उपटल्या गेल्या. वस्तीच्या आग्नेयेला एक छोटा खासगी विमानतळ होता, तोही गेला. ग्रेट वेस्ट एरोड्रोम हे त्याचं नाव. १९३० मध्ये सुरू झालेला हा विमानतळ उणीपुरी चौदा वर्षं चालला.

ज्या हवाई दलासाठी हे सगळं घेतलं, त्याने तो तळ म्हणून कधी वापरलाच नाही. १ जानेवारी १९४६ रोजी ती जागा नागरी विमान वाहतुकीसाठी सोपवण्यात आली आणि तिथे लंडनचा मुख्य विमानतळ उभा राहिला. पुढे १९७३ मध्ये, जमीन घेतली त्या वेळी हवाई खात्यात उपमंत्री असलेल्या हॅरल्ड बाल्फर यांनी आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवलं की हवाई दलाची गरज हे निमित्त होतं. जागा पहिल्यापासून नागरी विमानतळासाठीच हवी होती.

मुंबईहून लंडनला गेलेल्या बहुतेक मराठी माणसांचे पाय पहिल्यांदा याच जमिनीला लागतात. धावपट्ट्यांखाली गेलेल्या त्या विमानतळाची आणि त्या वस्तीची हकिकत आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. जमीन आणि विमानतळ यांचा झगडा आपल्या दारात चालू असताना ती जरूर सांगायला हवी.

भाजीपाल्याचा मुलूख

हीथ्रो हार्मंड्सवर्थ गावाच्या हद्दीत होतं. हार्मंड्सवर्थमध्ये १४२६ च्या सुमारास बांधलेलं धान्याचं प्रचंड लाकडी कोठार आजही उभं आहे. जॉन बेट्जमन या कवीने त्याला मिडलसेक्सचं कॅथीड्रल म्हटलं होतं. जिथे एवढं कोठार लागत होतं तिथे काय पिकत असेल, हे शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. खाली वाळू-गोटे, त्यावर पोयट्याचा जाड थर, पाण्याचा उत्तम निचरा आणि डोळ्यांना टेकाड दिसू नये इतकी सपाटी, अशी ही जमीन. इंग्लंडमधल्या सर्वांत कसदार जमिनींत तिची गणना होत असे.

एकोणिसाव्या शतकात लंडन फुगत गेलं तसा हा भाग शहराचा भाजीमळा झाला. कोबी, वाटाणे, सफरचंद, नासपती, चेरी घेऊन घोडागाड्या रात्रीच कॉव्हेंट गार्डनच्या बाजाराकडे निघत. परतताना रिकाम्या येत नसत. लंडनच्या तबेल्यांतली घोड्यांची लीद भरून आणत आणि ती शेतात पडे. मुळात कसदार असलेली जमीन अशी पिढ्यान्पिढ्या पोसली गेली होती. १९३० च्या दशकापर्यंत इथे नांगरणीच्या स्पर्धा भरत.

या सपाटीवर आणखी एका कामाची नोंद आहे. १७८४ मध्ये विल्यम रॉय या लष्करी अभियंत्याने हीथ्रोजवळच्या किंग्ज आर्बर इथपासून हॅम्प्टनपर्यंत सुमारे पाच मैलांची एक आधाररेषा अत्यंत काटेकोरपणे मोजली. ब्रिटनच्या शास्त्रीय नकाशांचा पाया या मोजणीने घातला. पुढे १८०२ मध्ये मद्रासजवळ विल्यम लॅम्बटन यांनी आधाररेषा मोजून भारताच्या महासर्वेक्षणाला सुरुवात केली, ती याच पद्धतीच्या पावलांवर. रॉय यांच्या रेषेचं टोक दाखवण्यासाठी पुरलेली तोफेची नळी हीथ्रो विमानतळाच्या उत्तरेकडच्या रस्त्यालगत पाहता येते.

मोजणीदाराला, नांगरणाऱ्याला आणि वैमानिकाला एकाच गुणाची जमीन लागते. ती सपाट हवी.

वैमानिकाच्या नजरेत भरलेली जागा

चार्ल्स रिचर्ड फेअरी यांचा जन्म १८८७ चा. साडेसहा फूट उंचीचा हा माणूस तरुणपणी हौसेने विमानांच्या प्रतिकृती करत असे. १९१० मध्ये त्यांची प्रतिकृती स्पर्धेत पहिली आली आणि गॅमेजेस या लंडनच्या दुकानाने ती खेळणं म्हणून विकण्याचे हक्क घेतले. तेव्हा लक्षात आलं की तिच्या रचनेत जे. डब्ल्यू. डन या विमानरचनाकाराच्या पेटंटचा भंग होतो आहे. प्रकरण डनपर्यंत गेलं आणि त्यातूनच फेअरींना डनकडे नोकरी मिळाली. १९१५ मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी काढली. फेअरी एव्हिएशनचा कारखाना हेज इथे, हीथ्रोपासून काही मैलांवर, उभा राहिला.

कारखान्यात विमान तयार झालं तरी ते उडवून पाहायला मैदान लागतं. कंपनी त्यासाठी नॉर्थोल्टचा सरकारी तळ वापरत होती. १९२८ मध्ये हवाई खात्याने तो सोडायला सांगितलं. तेव्हा मुख्य चाचणी वैमानिक नॉर्मन मॅकमिलन यांना एक जुना प्रसंग आठवला. १९२५ मध्ये त्यांना हीथ्रोच्या शेतात विमान नाइलाजाने उतरवावं लागलं होतं, आणि तिथूनच ते पुन्हा सुखरूप उडालेही होते. जागा विमानतळाला चांगली आहे, हे त्यांनी तेव्हाच हेरलं होतं. हवाई पाहणी झाली. फेअरींनी चार मालकांकडून तुकड्या-तुकड्यांनी सुमारे दीडशे एकर जमीन रीतसर विकत घेतली. पुढे आणखी जमीन जोडली आणि हेजचा कारखाना इथेच हलवायचा बेत केला.

कंपनीची त्या काळची उमेद समजायला भारताशी जोडलेला एक विक्रम पुरेसा आहे. एप्रिल १९२९ मध्ये फेअरींच्या लांब पल्ल्याच्या एका इंजिनाच्या विमानाने इंग्लंडमधल्या क्रॅनवेलहून उड्डाण केलं आणि मध्ये कुठेही न थांबता ५० तासांहून अधिक काळ उडत ४,१३० मैलांवरचं कराची गाठलं. इंग्लंडहून भारतापर्यंतचं ते पहिलं विनाथांबा उड्डाण होतं. मुंबई-लंडन प्रवास तेव्हा बोटीचा होता.

गवतावरची चौदा वर्षं

ग्रेट वेस्ट एरोड्रोमवर डांबरी धावपट्टी नव्हती. नांगरून, सपाट करून, दाट हिरवळ रुजवलेलं ते मैदान होतं. कडेला एक मोठं हँगर होतं. गवताच्या विमानतळाची एक खुबी असते. धावपट्टी ठरलेली नसल्याने वैमानिक वाऱ्याची दिशा पाहून मैदानात कुठूनही कुठेही, बरोबर वाऱ्याच्या तोंडावर, विमान घालू शकतो. त्या काळच्या हलक्या, कापडी पंखांच्या विमानांना आडवा वारा सोसत नसे. त्यांच्या चाचण्यांसाठी याहून चांगली जागा मिळणं अवघड होतं. विमानांचे भाग हेजच्या कारखान्यातून रस्त्याने इथे आणत, हँगरमध्ये जोडत आणि मग चाचणीला काढत. प्रवासी नव्हते, तिकिटं नव्हती, वेळापत्रक नव्हतं. शेजारी कोबीचे वाफे होते.

२५ नोव्हेंबर १९३० रोजी फेअरी हेंडन या बाँबफेकी विमानाने इथून पहिलं उड्डाण केलं. १० मार्च १९३६ रोजी फेअरी बॅटलने आणि २२ डिसेंबर १९४१ रोजी फायरफ्लायने. या मैदानाचं नाव इतिहासात राहावं असं विमान मात्र यांच्यातलं सर्वांत जुनाट दिसणारं होतं, ते म्हणजे स्वोर्डफिश.

त्याच्या आधीच्या नमुन्याची हकिकत चाचणी वैमानिकाचं काम काय असतं हे दाखवते. सप्टेंबर १९३३ मध्ये ख्रिस स्टॅनिलँड हे विमान गरगर फिरवून पाहत होते. विमान आडव्या भोवऱ्यात सापडलं. एरवी वैमानिक सुकाणू उलट दिशेला दाबून आणि नाक खाली घालून त्यातून बाहेर पडतो. आडव्या भोवऱ्यात शेपटीवर हवाच पुरेशी येत नाही, म्हणून सुकाणू निकामी ठरतं. ते विमान सावरलं नाही. स्टॅनिलँडना हवाई छत्री घेऊन उडी टाकावी लागली. ते वाचले, विमान गेलं. मग रचनाकारांनी विमानाचं धड मागच्या बाजूला लांबवलं आणि वरचा पंख किंचित मागे वळवला. सुधारलेलं विमान १७ एप्रिल १९३४ रोजी ग्रेट वेस्टच्या गवतावरून उडालं आणि व्यवस्थित वागलं.

दोन मजली पंख, वर कापड, उघड्या जागेत बसलेली तीन माणसं, पोटाखाली टॉर्पेडो. ताशी दीडशे मैलांचीही गती नव्हती. पण ११ नोव्हेंबर १९४० च्या रात्री एकवीस स्वोर्डफिशनी इटलीच्या तारांतो बंदरात शिरून तीन युद्धनौका जायबंदी केल्या. २६ मे १९४१ रोजी अटलांटिकमध्ये स्वोर्डफिशच्या टॉर्पेडोने जर्मनीच्या बिस्मार्कचं सुकाणू अडकवलं आणि दुसऱ्या दिवशी ती नौका बुडाली.

त्या वेळी फेअरी कंपनीचे मुख्य चाचणी वैमानिक स्टॅनिलँडच होते. जून १९४२ मध्ये फायरफ्लायची चाचणी घेताना विमान कोसळून त्यांचा मृत्यू झाला. खासगी जागा असली तरी या मैदानाने देशाला काय दिलं, याचा हिशेब मांडताना हे नाव आधी घ्यायला हवं.

निमित्त

१९४३ पासून लंडनमध्ये युद्धानंतरच्या जगाचा विचार सुरू झाला होता. मोठी प्रवासी विमानं येणार होती आणि दक्षिणेकडचा क्रॉयडनचा विमानतळ त्यांना पुरणार नव्हता, हे उघड होतं. नवा विमानतळ हवाच होता. प्रश्न जागेचा होता, आणि ती मिळवायच्या रीतीचा.

नेहमीच्या मार्गाने गेलं असतं तर हरकती आल्या असत्या, जाहीर चौकशी झाली असती. एवढी कसदार जमीन काँक्रीटखाली घालायची का, असं विचारलं गेलं असतं. अन्न रेशनवर मिळत असलेल्या देशात तो प्रश्न मोलाचा होता. एक बडी विमान कंपनी वकील घेऊन उभी राहिली असती. युद्धकाळातल्या संरक्षण नियमांत मात्र वेगळी सोय होती. युद्धासाठी आवश्यक असं म्हटलं की कोणतीही जमीन ताब्यात घेता येई, चौकशीशिवाय. बाल्फर यांनी ती वाट धरली. लांब पल्ल्याच्या लष्करी वाहतुकीसाठी तळ हवा, असं मंत्र्यांच्या समितीपुढे मांडण्यात आलं आणि मंजुरी मिळवण्यात आली.

बाल्फर पहिल्या महायुद्धात लढाऊ विमान उडवलेले, शौर्यपदक मिळवलेले गृहस्थ होते. त्यांनी हे पैशासाठी केलं नाही. देशाला लागणारी गोष्ट चर्चेच्या घोळात अडकेल, असं त्यांना वाटत होतं. आपल्याच सहकाऱ्यांच्या समितीची फसवणूक केल्याचा दोष त्यांनी आत्मचरित्रात स्वतःकडे घेतला, तो खेदापेक्षा कर्तबगारीच्या सुरात. मला या प्रकरणात सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट ही वाटते. वाईट हेतूच्या माणसाला रोखण्यासाठी लोक जागे असतात. चांगल्या हेतूने खोटं बोलणारा सहज सुटतो आणि पुढच्यांना पायंडा घालून देतो.

सर रिचर्ड फेअरी तेव्हा इंग्लंडमध्ये नव्हते. ब्रिटनच्या हवाई आयोगाचे प्रमुख म्हणून ते वॉशिंग्टनमध्ये युद्धाचंच काम करत होते. त्यांचा विमानतळ त्यांच्या माघारी, त्यांच्याच सरकारने घेतला. १९४४ च्या उन्हाळ्यात विम्पी कंपनीने कामाला सुरुवात केली. हिरवळ खणली गेली, तीन हजार यार्डांची धावपट्टी आखली गेली. त्याच वर्षी, काम चालू असतानाच, पुरातत्त्वज्ञ डब्ल्यू. एफ. ग्राइम्स यांनी तिथे घाईघाईने उत्खनन केलं. त्यांना लोहयुगातली वस्ती आणि एका देवळाचे अवशेष सापडले. नोंदी झाल्या आणि त्यावर काँक्रीट पडलं.

वरातीमागून घोडं

१ जानेवारी १९४६ रोजी ब्रिटिश साउथ अमेरिकन एअरवेजचं एक लँकॅस्ट्रियन विमान ब्युनोस आयर्सच्या प्रवासाला इथून निघालं. जगातल्या एका बलाढ्य राजधानीचा विमानतळ तेव्हा लष्करी तंबूंत भरत होता. आत आरामखुर्च्या आणि फुलदाण्या मांडलेल्या, बाहेर चिखलावर टाकलेल्या फळ्या. ८ जून १९४८ रोजी मुंबईहून निघालेलं एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ कैरो आणि जिनिव्हामार्गे इथेच उतरलं. जे. आर. डी. टाटा त्या विमानात होते. स्वतंत्र भारताला युरोपशी जोडणारी पहिली हवाई सेवा अशी या जमिनीवर टेकली.

फेअरी कंपनी आपल्या चाचण्या घेऊन आधी हेस्टनला गेली. हीथ्रोच्या वाढत्या वाहतुकीमुळे हेस्टनही बंद झाला, मग व्हाइट वॉल्थमला. भरपाईचा वाद वर्षानुवर्षं चालला. १९५६ मध्ये सर रिचर्ड वारले. १९६० मध्ये कंपनीचा विमान विभाग वेस्टलँडमध्ये विलीन झाला. १९६४ साली, जमीन घेतल्याला वीस वर्षं उलटल्यावर, १६ लाख पौंडांवर तडजोड झाली. फेअरींनी बांधलेलं हँगर नव्या विमानतळाचं अग्निशमन केंद्र म्हणून वापरात होतं. तेही त्याच वर्षापर्यंत टिकलं.

सरदारकी मिळालेल्या, सरकारला विमानं पुरवणाऱ्या, वकिलांची फौज परवडणाऱ्या उद्योगपतीला आपल्या जमिनीच्या पैशासाठी मरेपर्यंत वाट पाहावी लागली आणि तरी ते हाती आले नाहीत. मग खंडाने कोबी पिकवणाऱ्याने कुणाकडे जायचं? फेअरींचं नाव निदान इतिहासात राहिलं. शेतमजुराच्या नावाने कुठे दावाही उभा राहिला नाही.

न विचारलेले प्रश्न

हीथ्रोने लंडनला आणि ब्रिटनला खूप दिलं, हे नाकारण्यात अर्थ नाही. आसपासच्या साउथॉल आणि हाउन्स्लोमध्ये भारतीय वस्ती वाढली त्यात विमानतळावरच्या कामाचा मोठा वाटा आहे. सफाई, स्वयंपाकघर, सामानाची ने-आण या कामांवर हजारो संसार उभे राहिले. पण विमानतळ उपयोगी ठरला म्हणून तो मिळवायची रीत बरोबर ठरत नाही. आणि रीत चुकली की पुढे काय होतं, तेही हीथ्रोतच दिसतं.

लंडनवर वारा बहुतेक वेळ पश्चिमेकडून वाहतो. विमान वाऱ्याच्या तोंडावर उतरतं. म्हणजे शहराच्या पश्चिमेला विमानतळ असेल, तर उतरणारी विमानं वर्षातले बहुतेक दिवस पूर्वेकडून, भर वस्तीवरून येणार. दिवसातून एखाददुसऱ्या चाचणीसाठी जे मैदान उत्तम होतं, ते जगाच्या वाहतुकीसाठी उत्तम आहे का, हा प्रश्न जाहीर चौकशीत पहिल्याच दिवशी उठला असता. चौकशीच झाली नाही. लाखो लंडनवासी तो आवाज पहाटेपासून रात्रीपर्यंत ऐकतात. शिवाय जागा चारी बाजूंनी वस्तीत अडकलेली, त्यामुळे विस्ताराची प्रत्येक मागणी कुणाच्या तरी घरावर येते. सिप्सन आणि हार्मंड्सवर्थ ही शेजारची गावं १९४६ पासून आलटून पालटून या टांगत्या तलवारीखाली आहेत. उत्तरेकडच्या विस्ताराची पहिली योजना १९५२ मध्ये रद्द झाली. तिसऱ्या धावपट्टीला २००९ मध्ये मान्यता मिळाली, २०१० मध्ये ती मागे घेतली गेली, २०१८ मध्ये संसदेने पुन्हा होकार दिला, मग न्यायालयं झाली, आणि २०२५ मध्ये सरकारने पुन्हा पाठिंबा जाहीर केला. अशा गावात माणूस घराला नवं छप्पर घालू की नको, याचा निर्णय घेऊ शकत नाही.

पाचवं टर्मिनल बांधायची वेळ आली तेव्हा मात्र चौकशी झाली. १९९५ ते १९९९ या काळात तिचं कामकाज ५२५ दिवस चाललं. ब्रिटनच्या इतिहासातली ती सर्वांत लांबलेली नियोजन चौकशी ठरली. तिची दिरंगाई म्हणून टिंगल झाली. पण उड्डाणांवर वर्षाला ४ लाख ८० हजारांची मर्यादा आली ती त्या चौकशीमुळे. टर्मिनल २००८ मध्ये उभं राहिलंच. चौकशीने ते अडलं नाही, त्याला अटी लागल्या. १९४४ मध्ये चुकवलेलं काम अर्ध्या शतकानंतर व्याजासकट करावं लागलं.

आपल्या दारात

ब्रिटिशांनीच आपल्याला १८९४ चा भूसंपादन कायदा दिला. त्याच्या १७ व्या कलमात तातडीची तरतूद होती. तातडी आहे असं सरकारने म्हटलं की हरकतींची सुनावणी टाळता येत असे. स्वतंत्र भारतातल्या सरकारांनीही ते कलम मुबलक वापरलं. २०१३ च्या कायद्याने सामाजिक परिणामांचा अभ्यास आणि ठरावीक प्रकल्पांत बहुसंख्य जमीनधारकांची संमती आवश्यक केली, त्यामागे हा सगळा अनुभव होता.

त्याची किंमत आपल्या माणसांनी मोजली आहे. नवी मुंबईसाठी जमिनी गेल्या तेव्हा जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात गोळीबार झाला आणि पाच शेतकरी हुतात्मा झाले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचं तत्त्व आलं. पुढे नवी मुंबई विमानतळाच्या प्रकल्पग्रस्तांना साडेबावीस टक्के देऊ करण्यात आले. त्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झालं. त्याआधी दहा गावं हलली, उलव्याची टेकडी कापली गेली, नदीचा प्रवाह वळवला गेला. पुण्यासाठी पुरंदरमध्ये योजलेल्या विमानतळाला तिथल्या सात गावांनी विरोध केला. पुरंदर म्हणजे अंजीर आणि सीताफळाचा मुलूख. फळबाग लावणाऱ्याला रोख मोबदल्याने बाग परत मिळत नाही. झाड फळाला यायला लागलेली वर्षं कुठल्याच दरपत्रकात बसत नाहीत.

विमानतळ हवा की नको, याचं उत्तर जागोजागी वेगळं असेल. पुण्याला नवा विमानतळ लागेल, असं म्हणणाऱ्यांकडेही कारणं आहेत. पण जमीन मागणाऱ्याने खरं कारण सांगावं, ते तपासायला लोकांना वेळ द्यावा, आणि मोबदला घेणाऱ्याच्या हयातीत द्यावा, या तीन गोष्टी कुठल्याही देशात, कुठल्याही घाईत बदलत नाहीत. हीथ्रोत तिन्ही मोडल्या, आणि त्या देशाला अजून त्याचं उत्तर सापडलेलं नाही. आपल्याकडे कायद्याने निदान दोन गोष्टी कागदावर आणल्या आहेत. प्रत्येक नव्या प्रकल्पाबरोबर त्यांना बगल द्यायची वाट शोधली जाते. ती वाट दिसली की गावाने, पत्रकाराने आणि विमानात बसणाऱ्या प्रवाशानेही हरकत घ्यायला हवी. विमान त्या प्रवाशासाठीच उडणार आहे आणि जमीन त्याच्याच नावाने मागितली जाते.